बाळाला वर घे, तू वाकू नकोस

पोरी, बाळंतिणीची कंबर धरली आणि त्याच घरात बाळही नीट पीत नसलं, तर दोन्हींचं मूळ आधी पाजायच्या बैठकीत शोधावं. कोपरगावच्या वाड्या-वस्त्यांवर बाळंतीण खाटेच्या कडेला पाय सोडून बसते. पाठीला टेका नाही, बाळ मांडीत खाली आणि आई त्याच्यावर ओणवी. नव्या बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. तितक्यांदा असं ओणवं राहिल्यावर कंबर बोलणारच. सिझर झालेल्या पुष्कळ जणी कमरेतल्या इंजेक्शनला दोष देतात, पण महिनोन् महिने दुखत राहण्याचं कारण ते नसतं. वाकणं आणि ढिले पडलेले पोटाचे स्नायू याला जास्त कारण असतात.

भिंतीला पाठ टेक, कमरेमागं गोधडीची घडी ठेव, मांडीवर उशी घे. बाळाला इतकं वर घे की त्याचं नाक तुझ्या बोंडासमोर येईल. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं असावं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावी. उजवीकडं पाजताना डाव्या हातानं मानेला आधार दे, अंगठा एका कानामागं, बोटं दुसऱ्या कानामागं. डोकं मागून ढकलू नकोस. बोंड वरच्या ओठाला लाव आणि थांब. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की लगेच जवळ ओढ. हनुवटी आधी रुतली पाहिजे आणि नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. गालाला खळ्या पडल्या, चटचट आवाज आला किंवा बोंड चपटं होऊन बाहेर आलं, तर पकड चुकली. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि पुन्हा लाव.

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून ठरवू नकोस, लंगोटांवरून ठरव. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. पहिला चीक वाया घालवू नकोस. सहा महिने पाणी, घुटी, गुळपाणी काही नको. मध तर वर्षभर नको. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर पाजून दाखव, जीभ खाली चिकटलेली आहे का तेही बघायला सांग.

आता मालिशीचं. आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेतात. तिकडं अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १८७४ साली हातानं सांधे-स्नायू हाताळायची ऑस्टिओपॅथी मांडली. मोठ्या माणसाच्या कमरेला जाणत्या हातानं आराम पडू शकतो, पण सोबत चालणं आणि व्यायाम हवाच. तान्ह्याचं पिणं मात्र अशा उपचारानं सुधारतं, याला भक्कम आधार सापडलेला नाही. म्हणून बाळाला कोमट तेलाचा हलका हात पुरे. मान वळवणं, पाय धरून उलटं करणं, छाती पिळणं कुणालाही करू देऊ नकोस, मालीशवाली कितीही जुनी असली तरी. तुझ्या कमरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालेल, बिब्बा नको. दिवसभर पडून राहू नकोस, अंगणात थोडं थोडं चाल. पाण्याची बादली, सरपणाचा भारा इतक्यात उचलू नकोस. उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या बायांना तर घरच्यांनी एवढ्या लवकर कामावर जुंपूच नये.

पायात मुंग्या येऊन बळ गेलं, लघवी-शौचाचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा तापासोबत कंबर दुखली, तर मालिश बंद करून लगेच दवाखाना गाठ. बाळ पिणं सोडून सुस्त पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, तरी तसंच. रात्र असली तरी १०८ ला फोन कर. सकाळची वाट पाहू नकोस, आणि ‘आमच्या वेळी असंच होतं’ असं कुणी म्हणालं तरी थांबू नकोस.