घरच्या कार्यशाळेतील कामाचे मेज

हातकामाचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याजवळ प्रमाणपत्र असते, करवत, रंधा, पटाशी अशी थोडी हत्यारेही असतात. मात्र गावी परतल्यावर ती चालवायची कोठे, हा प्रश्न तसाच राहतो. हत्यारांची पेटी खाटेखाली जाते आणि दिवाळीनंतर तेच हात कुटुंबासोबत गुजरातेत ऊसतोडीला निघतात. एका मेजाने हे स्थलांतर थांबेल, असा आमचा दावा नाही. तथापि शिकलेली विद्या हातात टिकण्यासाठी घरी कामाची निश्चित जागा हवी, आणि त्या जागेची सुरुवात मेजापासून होते. म्हणून या विषयाचा येथे थोडक्यात विचार करू.

मेज कशासाठी?

आपल्याकडील सुतार परंपरेने जमिनीवर बसून, पायांनी लाकूड दाबून धरीत काम करीत आला आहे. त्यातील कौशल्य थोरच आहे. परंतु दीर्घकाळ वाकल्याने पाठ आणि गुडघे दुखावतात व पटाशी पायाच्या जवळून चालते. मेजावर लाकूड पक्के बसले की दोन्ही हात मोकळे होतात आणि रंधा ओढताना सर्व शरीराचे बळ कामी येते.

उंची

मेजाचे माप पुस्तकातून न घेता काम करणाऱ्याच्या शरीरावरून घ्यावे. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत. मनगटाची घडी जमिनीपासून जितकी उंच, साधारण तितकी मेजाची उंची ठेवावी. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीस ती सुमारे ८० सेंटिमीटर येते. रंधाकाम अधिक असल्यास थोडी कमी आणि आखणी वा बारीक काम अधिक असल्यास थोडी जास्त उंची सोयीची पडते. घरातील भाऊ आणि बहीण दोघेही काम करणार असतील, तर उंच व्यक्तीच्या मापाने मेज करावे व दुसऱ्या व्यक्तीसाठी रुंद, न डगमगणारी फळी पायाखाली घ्यावी. लांबी १५० व रुंदी ६० सेंटिमीटर असली तरी घरगुती कामास पुरते.

स्थैर्य

हलणाऱ्या मेजावर चांगला कारागीरही सरळ कापू शकत नाही. शहरातील कार्यशाळेत मेज भिंतीला जखडतात. सातपुड्यातील अनेक घरांना मात्र बांबूच्या कुडाच्या भिंती असतात आणि त्या हा भार पेलत नाहीत. येथे आपल्या घरबांधणीतीलच युक्ती उपयोगी पडते. घराचे खांब पुरतात त्याप्रमाणे मेजाचे चार खांब सुमारे ४५ सेंटिमीटर खोल पुरावेत आणि भोवती दगड ठोकून माती धुमसावी. पुरण्याचा भाग आधी डांबराने माखावा, म्हणजे ओल व वाळवी यांना काही काळ अटकाव होतो. खोली भाड्याची असल्यास चारही पाय आडव्या व तिरकस पट्ट्यांनी जोडावेत आणि खालच्या फळीवर जड दगड ठेवावेत. वरची फळी पाणसळ लावून सपाट करावी.

लाकूड

मेजासाठी सागच हवा, असे नाही. बैलगाडी आणि औतासाठी वापरली जाणारी बाभूळ जड व चिवट असते. जुन्या घराच्या तुळया आणि दारेही उत्तम, कारण ते लाकूड पुरते वाळलेले असते. ओले लाकूड पुढे पिळते व तडकते. सागवान घ्यायचेच असेल, तर परवानाधारक वखारीतून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

जागा आणि पकड

पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात काम असह्य होते. शक्य तेथे छपरावर गवताचा थर द्यावा. पण वीज वा ठिणगीचे काम असेल तेथे तसे मुळीच करू नये. उत्तरेकडील उजेड दिवसभर सारखा मिळतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यास तो डावीकडून यावा. लाकूड पकडण्याचा व्हाइस मेजाच्या पुढच्या बाजूस डाव्या टोकाशी बसवावा. तो घेण्याइतके पैसे नसतील, तर त्याच टोकाला लाकडी ठोकळा पक्का बसवावा. फळी त्याला टेकवून रंधा मारता येतो. यंत्रे असल्यास अर्थिंग अनिवार्य समजावे.

भांडवल

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आणि टोपल्या-चटया विणणे या व्यवसायांचा समावेश आहे. पात्र कारागिरास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद त्यात आहे. मात्र मेज उभारण्यासाठी कर्जाची वाट पाहण्याचे कारण नाही. जुने लाकूड आणि दोन दिवसांचे श्रम एवढ्यावर ते उभे राहते.

सुतारकाम फार काळ जन्माने ठरत असे. आज कोणत्याही घरातील मुलगा वा मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ते शिकू शकते. त्या शिक्षणाला घरी जागा देणे हे मात्र आपल्याच हाती आहे. पालकांनी पडवीचा एक कोपरा त्यासाठी मोकळा करावा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एका तरी धाकट्या भावंडाला मेज उभारून द्यावे, ही आमची विनंती आहे.