वाचकांचे प्रश्न : शिष्यवृत्ती कमी मिळाली, दाद कुठे मागायची?

प्रश्न : आम्ही मानकोलीत राहतो. यजमान इथल्याच एका गोदामात सुपरवायझर आहेत. माझे शिवणकाम धरून वर्षाचे उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. आम्ही ओबीसी. मुलीला कॅप फेरीतून खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेजने निम्मी फी भरून घेतली आणि उरलेली निम्मी शिष्यवृत्तीतून येईल, असे सांगितले. ती निम्मी भरतानाच आमची दमछाक झाली. शिष्यवृत्ती वाढवून मिळण्यासाठी अपील करता येते का?
– एक वाचक, मानकोली (भिवंडी)

उत्तर : ताई, वाढवून मागायचे कारणच नाही. तुमच्या मुलीच्या हक्काचेच तिला निम्मे मिळाले आहे.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी विद्यार्थ्यांना निम्मे शिक्षण शुल्क, हा नियम वर्षानुवर्षे होता. कॉलेजच्या खिडकीवर अजून तोच हिशेब चालू असावा. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढून मुलींसाठी तो बदलला. आई-वडिलांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. नव्याने प्रवेश घेणाऱ्या आणि आधीपासून शिकत असलेल्या, दोन्ही मुलींना ती लागू आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजेही त्यात येतात. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून (कॅप) झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश, तसेच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळली आहेत.

आता फीची पावती काढून बसा. तिच्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क असे वेगवेगळे रकाने असतील. समजा, शिक्षण शुल्क १,००,००० आणि विकास शुल्क १०,००० रुपये आहे. जुन्या हिशेबाने तुम्हाला ५०,००० अधिक १०,००० असे ६०,००० भरावे लागतात. नव्या निर्णयाने फक्त १०,०००. विकास शुल्क, बस, वसतिगृह यांना ही सवलत नाही, तेव्हा ते पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका.

पावतीवरची एकूण रक्कमही तपासून घ्या. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पावतीवरचा आकडा त्याहून जास्त असेल, तर त्याची तक्रार प्राधिकरणाकडेच करायची.

दाद मागताना हा क्रम ठेवा :

१. शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यावर भरतात त्या महाडीबीटी संकेतस्थळावर मुलीच्या लॉगिनमधून अर्जाची स्थिती पाहा. अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, तिथून विभागाकडे. ‘सेंड बॅक’ दिसत असेल, तर कागदात त्रुटी आहे असे समजा. ती दुरुस्त करून मुदतीत अर्ज पुन्हा पाठवला नाही, तर तो तिथेच पडून राहतो. ओबीसी अर्जात बहुधा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा जात वैधता प्रमाणपत्र यांपैकीच काहीतरी अडलेले असते.

२. उत्पन्नाचा दाखला भिवंडी तहसीलमध्ये रखडला असेल, तर ‘आपले सरकार’वरचा अर्ज क्रमांक हाताशी ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे अपील, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग.

३. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. त्यात ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचा उल्लेख करा. कॅपचे प्रवेशपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पावतीची प्रत जोडा. मागणी एका वाक्यात लिहा : ‘जादा घेतलेले शिक्षण शुल्क परत करावे किंवा पुढील हप्त्यात वळते करावे.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच कागद मागतील.

४. प्राचार्यांकडून उत्तर आले नाही, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत शिष्यवृत्ती न देणे किंवा तिला उशीर करणे हा तक्रारीचा विषय मानला आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

५. अर्ज सरकारी कार्यालयात अडला असेल, तर महाडीबीटीवर तक्रार नोंदवा आणि माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा : ‘अमुक क्रमांकाचा अर्ज आज कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या कारणाने प्रलंबित आहे?’ शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्ज मंजूर होऊनही पैसे दिसत नसतील, तर मुलीचे आधार कोणत्या बँक खात्याला जोडलेले आहे ते पाहा. थेट लाभाची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते आणि पुष्कळदा ते शाळेच्या वेळी उघडलेले, विसरलेले खाते निघते. शिवाय अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, तेही विसरू नका.

प्रश्न : मुलगा खुल्या प्रवर्गातला. राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मे शिक्षण शुल्क मिळते. माझी नोकरी वर्षाच्या मध्येच गेली. उत्पन्न घटले म्हणून उरलेले निम्मे माफ होईल का?
– एक वाचक, काल्हेर

उत्तर : या योजनेतून नाही. तिला आठ लाखांची एकच मर्यादा आहे. त्या आत उत्पन्न सात लाख असो की एक लाख, सवलत तेवढीच. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागेवर पूर्ण शिक्षण शुल्क माफ होते, पण ती जागा कॅपमध्येच घ्यावी लागते. प्रवेशानंतर साधी जागा तिच्यात बदलून मिळत नाही.

तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत. नोकरी गेल्याचे पत्र जोडून प्राचार्यांकडे हप्ते मागा आणि संस्थेचा स्वतःचा विद्यार्थी सहायता निधी आहे का, तेही विचारा. इथे नियम आडवा येत नाही, त्यामुळे विनंतीला वाव आहे. दुसरी गोष्ट शैक्षणिक कर्जाची. केंद्राच्या शैक्षणिक कर्जहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी परतफेड सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळातले व्याज भरणारी केंद्राची योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. पण ती ठरावीक, निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे. मुलाचे कॉलेज त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्यापूर्वीच पाहून घ्या.

प्रश्न : भाचीला अमेरिकेतल्या विद्यापीठाने एमएससाठी थोडी शिष्यवृत्ती देऊ केली आहे. तिथे रक्कम वाढवून मागतात, असे ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे आहे, आणि तसे मागण्यात गैर काही मानत नाहीत. तिकडच्या कुटुंबांचे उत्पन्न अचानक घटले, तर कॉलेजचे आर्थिक साहाय्य कार्यालय कागद पाहून मदतीचा फेरविचार करू शकते. आपल्या मुलांना मात्र अमेरिकी सरकारची मदत मिळत नाही. विद्यापीठाचा स्वतःचा निधी आणि विभागातली असिस्टंटशिप, एवढ्यावरच त्यांची भिस्त. भाचीने विभागाला छोटे, नेमके पत्र लिहावे : किती रक्कम कमी पडते, का पडते, आणि दुसऱ्या विद्यापीठाचा चांगला प्रस्ताव असल्यास त्याची प्रत. अनेक विद्यापीठे आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी होकाराची सक्ती न करण्याचा संकेत पाळतात, म्हणून पत्र त्याआधी जावे. जोडीने जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीसाठीही अर्ज करावा. ही संस्था १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करते आहे.

सर्व वाचकांना : सवलतीचे निकष शासन निर्णयाने बदलतात. खिडकीवर तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. चालू वर्षाचा शासन निर्णय काढून वाचा, आणि जे मागायचे ते लेखी मागा.