वैशाखरे ते घाटघर : एक दिवसाची पायी सहल

सहलीवर निबंध लिहा म्हटलं की सगळ्या वह्यांत झुळझुळ झरे अन् हिरवीगार झाडी. आज जरा वेगळी वाट धरू. मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे घाटाच्या पायथ्याला, तर जुन्नर तालुक्यातलं घाटघर घाटमाथ्यावर. या दोन गावांमधली जुनी पायवाट म्हणजे नाणेघाट.

आधी झाडीतली सपाट वाट, मग दगडांची खडी चढण. दमछाक होते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला जाई. आपल्याला मात्र पाण्याची बाटलीही जड वाटते!

माथ्याजवळ कातळात कोरलेली गुहा लागते. डबा उघडण्याआधी भिंती बघा. इथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्तींचे आकडे त्यात आहेत. शून्य नाही, 10, 100, 1000 यांना स्वतंत्र चिन्हं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलं तेवढी उरलीत. म्हणून तिथे बोटानेसुद्धा काही खरवडायचं नाही, कळलं?

पुढे खिंडीतून वर आलं की दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. उजव्या हाताला जीवधन किल्ला ठेवून सपाटीने चालत राहिलं की घाटघर.

स्वाध्याय : तुमच्या गावाहून शेजारच्या गावाला पूर्वी लोक कोणत्या वाटेने चालत जात? आजी-आजोबांना विचारा आणि दहा ओळी लिहा.