मस्टर, चलन आणि 29 मार्चचा आदेश

पनवेलजवळच्या कोनला, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी, गोदामं आणि फॅब्रिकेशनच्या शेड्स वाढत गेल्या. तिथल्या लहान मालकांचं मस्टर लिहिणं, पीएफ-ईएसआयसीची चलनं भरणं हा माझा धंदा. 2020 च्या टाळेबंदीत प्रत्येक शेठचा फोन एकाच प्रश्नासाठी यायचा: शेड बंद, मग पगार कसला? तेव्हा जे कळलं ते असं.

1. आदेश सुरू कधी आणि संपतो कधी, हे आधी बघावं. केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्च 2020 ला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सांगितलं की काम बंद असलं तरी पगार ठरल्या दिवशी, कपात न करता द्या. 18 मेपासून तो आदेश मागे घेतला गेला. म्हणजे वाद होता तो मधल्या साधारण 50 दिवसांचा. सर्वोच्च न्यायालयाने 12 जूनला मालक-कामगारांनी बसून तोडगा काढावा असं सांगितलं आणि तोवर मालकांवर सक्तीची कारवाई नको, असंही. व्हॉट्सॲपवर याचं 'पगार माफ' झालं. न्यायालयाने माफी दिलीच नव्हती.

2. तडजोड तोंडी ठेवू नये. एका शेडमध्ये एप्रिलचा अर्धा पगार लगेच आणि उरलेला काम सुरू झाल्यावर हप्त्यांनी, असं ठरलं. मी मराठीत आणि हिंदीत एकेक पान लिहिलं. एक जुना वेल्डर म्हणाला, "सही करतो शेट, पण एक कागद माझ्याकडं राहील." शेठना ते आवडलं नाही. मला मात्र त्या वेल्डरचंच बरोबर वाटलं. दोन्हीकडे प्रत असली की पुढे कोणी 'असं बोललोच नव्हतो' म्हणू शकत नाही.

3. 'गैरहजर' लिहिण्याआधी माणूस राहतो कुठे ते विचारा. औरंगाबाद खंडपीठाने 30 एप्रिलला अंतरिम आदेश दिला होता: कारखाना उघडायची मुभा मिळालेली असताना कामगार स्वतःहून आला नाही, तर रीतसर पगार कापता येईल. मालकांना हे वाक्य पाठ झालं. पण 'स्वतःहून' या अटीचं काय? 15 जूनला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. दिव्याला राहणारा हेल्पर कोनला येणार कसा? अशांच्या नावापुढे मी मस्टरमध्ये कारण लिहायला लावलं: गाडी नाही, इमारत सील, घरात रुग्ण. कापायचं की नाही ते नंतर ठरवता येतं. कारण नंतर आठवून लिहिलेलं कोणी मानत नाही.

4. सवलत टक्केवारीवर अडते. शंभरपर्यंत माणसं आणि त्यातली 90 टक्के पंधरा हजारांखालच्या पगाराची असतील, तर अशा कामगारांचा दोन्ही बाजूंचा मिळून 24 टक्के पीएफ सरकारने ऑगस्टपर्यंत भरला. पंचवीस जणांत तिघे वरच्या पगाराचे निघाले की 88 टक्के, आणि सगळंच गेलं. कामगाराला स्वतःच्या पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीचे 75 टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम काढता येत होती. पण आधारवर एक नाव आणि पीएफला दुसरं, म्हणून कितीतरी दावे अडकले. केवायसी हे साथीच्या आधीच उरकायचं काम.

5. ले-ऑफ आणि कामावरून काढणं यांत गल्लत नको. औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती, तीही 50 कामगारांपासून पुढे. वर्षभर काम केलेल्याला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार. फोनवर 'उद्यापासून येऊ नको' म्हणणं यांपैकी कशातच बसत नाही.

6. आजाऱ्याला बिनपगारी रजा लावण्याआधी ईएसआयसी बघा. गिरणी कामगारांना 2016 च्या सोडतीत लागलेल्या कोनच्या घरांतच विलगीकरण केंद्र उभं राहिलं होतं. शेडमधली माणसंही तिथे गेली. ईएसआयसीत बसणाऱ्याला, वर्गणीचे दिवस भरलेले असतील तर, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. लागतं ते वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वेळेवर भरलेलं चलन. चलन थकवलेल्या मालकाला हे समजावताना माझाच आवाज चढायचा.

7. परत आलेल्याला नवा म्हणून घेऊ नये. पनवेल स्टेशनातून श्रमिक गाड्या सुटल्या, माणसं गावी गेली, काही महिन्यांनी त्याच शेडवर आली. "नवीन जॉइनिंग दाखवू का?" असं विचारणारे होते. हिशोब उघड होता: ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. पण कामगाराचा दोष नसताना काम थांबलं तर तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्याने सेवा तुटत नव्हती. मी जुना यूएएन आणि जुनीच तारीख ठेवली. एका शेठनी त्यावरून माझ्याकडचं काम काढून घेतलं.