फॉइल असूनही पाइपला घाम का?

प्रश्न : रत्नागिरीतील आमच्या हॉटेलात एसीच्या थंड पाण्याच्या पाइपवर ग्लासवूल आणि फॉइल आहे. तरी पावसाळ्यात फॉल्स सीलिंगमधून पाणी टपकतं. जाड फॉइल घ्यावं का?

उत्तर : जाडी नको, सांधे तपासा. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, की २८ अंशांखालच्या पृष्ठभागावर दव धरतं. तुमच्या पाइपातलं पाणी साधारण ७ अंशांचं. फॉइलचं काम बाष्प अडवणं. टेप सुटली, पत्र्याच्या कडेनं फॉइल फाटलं किंवा हँगरपाशी आवरण दबलं, की बाष्प आत शिरतं आणि थंड पाइपवर त्याचं पाणी होतं. भिजलेलं ग्लासवूल थंडावा राखत नाही आणि आत पाइपही गंजतो. ते काढूनच टाका; वरून टेप मारून ओल कोंडू नका. नव्या कामात ५० मिलिमीटर ओव्हरलॅप, पुसलेल्या कोरड्या फॉइलवर अ‍ॅल्युमिनियम टेप आणि हँगरखाली पीयूएफचा (पॉलियुरेथेन फोमचा) कडक ठोकळा हवाच. व्हॉल्व्हही झाका.