पानांतले आम्ल

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी जडणारा एक जीवघेणा पांडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. लोह कमी पडले की रक्तातील तांबड्या पेशी लहान होतात. या रोगात मात्र पेशींची संख्या घटे आणि उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. रुग्ण स्त्रियांच्या आहारात दूध, फळे, भाजीपाला यांची वाण होती. विल्स यांनी तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन प्रयोग केले. अखेर गुण आला तो 'मार्माइट' या यीस्टच्या अर्काने. मद्यनिर्मितीत उरलेल्या यीस्टपासून होणारा हा स्वस्त पदार्थ! १९३१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अर्कातील ते द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. १९४१ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी चार टन पालकातून ते अल्प प्रमाणात वेगळे केले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, त्यावरून हे नाव पडले. 'ब' गटात त्याचा क्रमांक नववा. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे सूत्रधार भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असावयास हवे होते.

हे आम्ल पिवळसर नारिंगी, स्फटिकरूप असते. टेरिडीन, पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल असे त्याच्या रेणूचे तीन भाग आहेत. अन्नातील फोलेट उष्णतेने नासते व उकळत्या पाण्यात उतरते. म्हणून पालेभाजी उकडून पाणी ओतून देणे म्हणजे जीवनसत्त्वच ओतून देणे होय.

शरीरात या रेणूला चार हायड्रोजन अणू जोडले जातात आणि मग तो हमालाचे काम करू लागतो : एकच कार्बन अणू असलेला गट एका रेणूवरून उचलावयाचा व दुसऱ्यावर ठेवावयाचा. डी. एन. ए. मधील थायमिन हा घटक तयार होण्यास ही ने-आण आवश्यक असते. ती थांबली की पेशी वाढते, पण तिला विभागता येत नाही. विल्स यांना दिसलेल्या मोठ्या पेशींचे रहस्य हेच. अस्थिमज्जेत पेशींचे विभाजन सतत चालू असते, त्यामुळे फटका तेथे आधी बसतो.

गर्भाचेही तसेच आहे. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते! या जीवनसत्त्वाने नलिकेचे दोष पुष्कळ प्रमाणात टळतात, हे १९९१ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. त्यामुळे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीपासून घ्यावयास सांगतात.

एक सावधगिरी मात्र हवी. 'ब-१२' च्या अभावानेही रक्तपेशी अशाच मोठ्या होतात. अशा रुग्णास नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. शुद्ध शाकाहारी माणसात 'ब-१२' ची उणीव सहज संभवते, म्हणून त्याच्या बाबतीत ही तपासणी आधी करावी.