पुस्तकावरून वेब पेज शिकताना : मराठी विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

अंथुर्णे परिसरातील बारावी झालेल्या मुलाने संगणक शिकायचे ठरवले की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘क्लास कुठला लावू?’ मग बारामतीचा बरा की इंदापूरचा, फी किती, प्रमाणपत्र कोणते, यावर घरात चर्चा झडते. क्लास लावू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु संगणकातली एक विद्या अशी आहे की जी एका प्राथमिक पुस्तकावरून, घरबसल्या, इंटरनेटशिवायसुद्धा शिकता येते. ती म्हणजे एचटीएमएल, अर्थात वेब पेज लिहिण्याची भाषा. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरीने बँकेतील कारकून. संगणकशास्त्राशी आमचे घराणेशाहीचे नाते नाही. म्हणूनच हा पाठ लिहिण्यास आम्ही योग्य आहोत असे आम्हांस वाटते. जे आम्हांला उमगले ते कोणालाही उमगेल!

प्रथम थोडा इतिहास. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली वेबची कल्पना लेखी मांडली. 1991 मध्ये पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुले झाले. त्याहूनही महत्त्वाचा दिवस 30 एप्रिल 1993. त्या दिवशी सर्नने ही सारी रचना कोणासही मोफत वापरण्यास मोकळी केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. ही विद्या कोणाच्या मालकीची नाही, तिला परवाना लागत नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मूळ विषय. छापखान्यात मुद्रितशोधक कच्च्या मजकुरावर समासात खुणा करतो, हे मथळ्याचे अक्षर, येथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. एचटीएमएल म्हणजे अशाच खुणा. फक्त त्या समासात न करता मजकुरातच, कोनी कंसांत, करायच्या. या खुणांना टॅग म्हणतात. परिच्छेदाचा टॅग ‘पी’, मुख्य मथळ्याचा ‘एच वन’, त्याखालच्या उपमथळ्याचा ‘एच टू’, असे ‘एच सिक्स’पर्यंत. (या लेखात टॅगांचे उच्चार दिले आहेत; संगणकावर ते इंग्रजी लहान लिपीतच टंकावेत. देवनागरीत टंकल्यास ब्राउझर त्याला टॅग मानत नाही, उघडणारा कंस अक्षरांसकट पानावर जसाच्या तसा उमटतो.) इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे हटणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, सुरुवातीला वीस-पंचवीस टॅग पुरतात, आणि तेही बहुतेक दोन-तीन अक्षरी. शाळेतल्या इंग्रजी पाठाच्या एका पानावर याहून अधिक नवे शब्द असतात.

उघडलेला टॅग बंद करायचा असतो. बंद करताना कंसात आधी तिरकी रेघ द्यायची. प्रत्येक नावे नोंदीला जमा नोंद हवी, तसेच हे. एका टॅगात दुसरा उघडला असेल तर आतला आधी बंद करायचा. डब्यात डबा ठेवताना आतल्या डब्याचे झाकण आधी लावतात त्याप्रमाणे. (छायाचित्राच्या ‘आयएमजी’सारख्या थोड्या टॅगांना बंद करणारा जोडीदार नसतो.) येथे एक इशारा. बँकेत दहा रुपयांचा फरक आला तरी ताळा लागल्याशिवाय रोखपालाची सुटका नाही. ब्राउझर मात्र उदार असतो. टॅग बंद केला नाही तरी तो अंदाजाने पान दाखवतो, तक्रार करीत नाही. नवशिक्यास वाटते, सर्व ठीक आहे. यासाठी डब्ल्यूथ्रीसी या 1994 साली स्थापन झालेल्या संस्थेची तपासणीची मोफत सोय आहे; पान तिच्याकडे दिले की चूक कोणत्या ओळीत आहे ते ती दाखवते.

पुस्तक कसे वापरावे, हा खरा प्रश्न. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळणारे पुस्तक बहुधा जुने असते. घेताना आधी प्रकाशनवर्ष पाहावे. एचटीएमएलची पाचवी आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीने 28 ऑक्टोबर 2014 रोजी प्रमाण म्हणून जाहीर केली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘फॉन्ट’ व ‘सेंटर’ हे टॅग, पानाचे तुकडे पाडणारी ‘फ्रेम’ आणि सरकती अक्षरे दाखवणारा ‘मार्की’ यांवर पानेच्या पाने खर्च झालेली आढळतात. ही प्रकरणे सरळ सोडून द्यावीत. ते टॅग आता कालबाह्य ठरवले आहेत; रंग, आकार, मांडणी ही कामे सीएसएस नावाची स्वतंत्र भाषा करते. मथळे, परिच्छेद, याद्या, तक्ते, दुवे व चित्रे यांची प्रकरणे मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली असली तरी बव्हंशी चालतात. या विद्येत पुस्तक शिळे होते ते सजावटीच्या भागात.

आणि पुस्तक नुसते वाचू नये. नोटपॅड उघडावे, उदाहरण हाताने टंकावे, शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ लावून फाइल जतन करावी आणि ब्राउझरमध्ये उघडावी. फाइल आपल्याच संगणकावर असल्याने इंटरनेट लागत नाही. नंतर उदाहरणातला मजकूर काढून आपला घालावा. पुस्तकात परदेशी पाककृती असेल, तर तेथे आपला ऊस आणावा. तक्त्याच्या प्रकरणासाठी इंदापूर तालुक्यातल्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण कोणते? पहिला स्तंभ हंगामाचा, दुसरा लागणीच्या महिन्यांचा. आडसाली, जुलै-ऑगस्ट; पूर्वहंगामी, ऑक्टोबर-नोव्हेंबर; सुरू, जानेवारी-फेब्रुवारी. संपूर्ण तक्त्याला ‘टेबल’, प्रत्येक ओळीला ‘टीआर’, स्तंभाच्या शीर्षकाला ‘टीएच’, प्रत्येक चौकटीला ‘टीडी’. यादीचेही तसेच. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात ही यादी ‘यूएल’, कारण त्यांत मागेपुढे काही नाही. अर्ज कोणत्या क्रमाने भरायचा ही यादी ‘ओएल’, तिला क्रमांक आपोआप पडतात. एवढा फरक विद्यार्थ्याला कळला की मजकूर दिसतो कसा यापेक्षा तो आहे काय, हा विचार करण्याची सवय त्याला लागते.

येथवर पुस्तक सोबत करते. मराठी पानासाठी लागणाऱ्या काही गोष्टी मात्र इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या प्राथमिक पुस्तकात बहुधा पुसट असतात, म्हणून त्यांवर जरा थांबू.

1990 च्या दशकात मराठी अक्षरे संगणकावर आली ती वेषांतर करून. शिवाजी, शुषा, श्री-लिपी अशा फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गठ्ठा असे. म्हणूनच मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळे वाचण्यासाठी आधी त्या-त्या वृत्तपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. आज युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, खातेक्रमांकासारखा. दशमान पद्धतीने ‘अ’चा क्रमांक 2309, ‘क’चा 2325, आपल्या ‘ळ’चा 2355. देवनागरीसाठी 2304 ते 2431 अशा 128 जागा राखलेल्या आहेत. ‘ॲ’ला त्यात स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली. मे 2003 मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पद्धतीवर उभा आहे.

हे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याच्या सर्वांत रूढ पद्धतीला यूटीएफ-8 म्हणतात. त्यात देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात. पानाच्या ‘हेड’ भागात ‘मेटा’ टॅगात ‘कॅरसेट’ म्हणून यूटीएफ-8 असे लिहावे. ते लिहिले नाही तर ब्राउझर चुकीचा अंदाज बांधू शकतो, आणि मग मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ व त्यामागे चलनाचे चिन्ह, अशी रांगच रांग उमटते. असे पान दिसले तर मजकूर गेला असे समजून घाबरू नये, ती ओळ तपासावी. याउलट अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर मजकूर जतन करतानाच गमावलेला असतो. नोटपॅडमध्ये यूटीएफ-8 ही पद्धत 2019 पासून आपोआप निवडलेली असते. त्याआधीच्या विंडोजवर जतन करताना ती स्वतः निवडावी लागते.

दुसरी गोष्ट, ‘एचटीएमएल’ हा जो सर्वांत बाहेरचा टॅग, त्यात ‘लँग’ या शब्दापुढे ‘एमआर’ लिहावे. हे मराठीचे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त नाव. पुस्तकात तेथे इंग्रजीचे ‘ईएन’ छापलेले असते आणि विद्यार्थी ते तसेच उतरवतात. ‘एमआर’ लिहिल्याने काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नव्हे. शिवाय दृष्टिहीन वाचकांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते कळते. त्याच वाचकांसाठी छायाचित्राच्या टॅगात ‘ऑल्ट’ म्हणून चित्राचे वर्णन मराठीत द्यावे.

तिसरी ओळ ‘व्ह्यूपोर्ट’ची. जुन्या पुस्तकांत ती असणे शक्यच नाही, कारण ती मोबाइलच्या काळातली. ती नसेल तर मोबाइल पानाला संगणकाच्या पडद्याएवढे रुंद धरतो आणि अक्षरे मुंगीएवढी दिसतात. आपल्या गावात पान वाचले जाणार ते बहुतेक मोबाइलवरच, त्यामुळे ही ओळ आम्ही ऐच्छिक मानत नाही.

साध्या पानांचे सामर्थ्य पाहायचे असेल तर कोलंबिया विद्यापीठाकडे पाहावे. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात तेथे शिकले. त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हे ग्रंथ वेब पेजच्या रूपात ठेवले. त्यांत झगमगाट नाही. मथळे, परिच्छेद, क्रमांक आणि एका भागातून दुसऱ्या भागात नेणारे दुवे, म्हणजे प्राथमिक पुस्तकाच्या पहिल्या काही प्रकरणांतलेच साहित्य. दुव्याचा टॅग ‘ए’, आणि त्यात ‘एचरेफ’पुढे जायचे ठिकाण. वेबला वेब म्हणतात ते या एका टॅगामुळे. तो शिकायला एक संध्याकाळ पुरते. फाइलींची नावे मात्र इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता द्यावीत. विंडोजवर मोठ्या-लहान लिपीचा घोळ खपतो, पण संकेतस्थळे ज्यांवर ठेवतात त्या बहुतेक संगणकांवर तो खपत नाही, आणि घरी चालणारा दुवा तेथे तुटतो.

आता विद्यार्थ्यांसाठी एक काम. आपल्याकडील मंडळांच्या, वसतिगृहांच्या, ग्रंथालयांच्या 1990 च्या दशकातील स्मरणिका व अहवाल बहुतांशी त्या जुन्या फॉन्टांत जुळवलेले आहेत. छापील प्रती वाळवीच्या तोंडी आहेत. काही ठिकाणी मूळ फाइली शिल्लक आहेत, पण तो फॉन्ट नसल्यास त्या उघडूनही वाचता येत नाहीत, आणि त्यांत आजोबांचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही. धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीत गावोगाव कोणी शाळा काढली, विहारासाठी जागा कोणी दिली, पहिली मुलगी मॅट्रिक कधी झाली, या नोंदी अशाच कागदांत आहेत, सरकारी दप्तरात नाहीत. अशा एका लेखाचे युनिकोडमध्ये रूपांतर करून त्याचे पान करावे. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात. मात्र ती ‘ऱ’वर हमखास अडखळतात; ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होऊन बसतो. ऱ्हस्व ‘इ’कारही पुष्कळदा शेजारच्या अक्षराला चिकटतो. म्हणून रूपांतर झाल्यावर एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहावे. आडनावे, गावांची नावे आणि देणगीचे आकडे दोनदा ताडावेत.